शनिवारच्या बागा

“काय मावशी, किती दिवसांनी! आणि दुसऱ्या मावशी कुठे राहिल्या?”

चेंबूरच्या ‘मंगल विलास’मधल्या वयस्क वेटरने पाण्याचे दोन पेले टेबलावर ठेवले आणि तो सरळ रत्नप्रभेशीच बोलू लागला. समोर मेन्यू कार्ड उघडून बसलेल्या दत्तारामकडे त्याचं लक्षही नव्हतं. इथं काय चांगलं मिळतं ते बायकोला नीट समजावून सांगावं आणि मग ऑर्डर द्यावी, अशा बेतात दत्ताराम होता. त्याचं बोट कार्डावर तसंच राहिलं.

“त्या नाही येत आता,” रत्नप्रभा म्हणाली.

“बरं नाही का त्यांना?”

रत्नप्रभेने पदर सारखा केला. “हे माझे मिस्टर,” ती म्हणाली. “दोन रवा डोसे आणा. यांचा कडक. माझा नेहमीसारखा.”

“नमस्कार साहेब,” असं म्हणून वेटर आत गेला.

उभा जन्म दत्तारामने दुसऱ्यांना साहेब म्हटलं होतं. आपल्याला कुणी तसं म्हणेल तेव्हा कसं वाटेल, असा विचार त्याने कधीतरी केलाही होता. पण आज ते कानावरून गेलं. त्याच्या डोक्यात ‘माझा नेहमीसारखा’ एवढंच अडकून बसलं.

“तू आलेलीस इथं?”

“हो.”

“कधी?”

“यायचो आम्ही. मी आणि एथेल. शाळेतली.” तिने त्याचा पेला जरा बाजूला सरकवला. “पाणी गार आहे हां. तुमची दाढ दुखते.”

दत्ताराम परब कणकवलीजवळच्या एका गावातून मिसरूड फुटताना मुंबईला आला, तो अंधेरी पश्चिमेच्या ‘सागर किरण’मध्ये कामाला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. सुरुवातीला टेबलं पुसायची, मग वेटर, शेवटची काही वर्षं कॅप्टन. कॅप्टन म्हणजे खांद्यावरचं फडकं गेलं आणि खिशाला पेन आलं, इतकंच. मंगळवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपायचा, संध्याकाळी पायांना तेल लावून बसायचा. बाहेर जाऊन खायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी यायची. “आठवडाभर तोच वास घेतो गो,” तो म्हणायचा. “घरात पिठलं-भात कर, तो मला गोड लागतो.” रत्नप्रभा पिठलं-भात करायची.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा, गेल्या दिवाळीत, त्याने काम सोडलं. मुलगा निलेश ठाण्याला स्वतंत्र राहत होता. बोरिवलीला काजूपाड्याच्या खोलीत आता दोघंच. रत्नप्रभा तिथल्याच एका शाळेत आया होती, तीही निवृत्त झालेली. पहिला महिना दत्तारामने गॅलरीत बसून काढला. मग एका सकाळी भाजी निवडणाऱ्या बायकोकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, की हिला आपण काहीच दाखवलं नाही. हॉटेलात बसून गिऱ्हाईकं इतक्या वर्षांत इतकं बोलत असायची. मुलुंडची अमकी बाग, चेंबूरचा तमका डोसा, घाटकोपरची भजी. ते सगळं त्याने ऐकलं होतं आणि त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. त्याने ठरवलं, आता दर शनिवारी हिला घेऊन निघायचं. एक बाग आणि एक जुनं हॉटेल.

“कशाला उगाच?” रत्नप्रभा म्हणाली होती.

“उगाच म्हणजे? तू कधी बघितलंयस काय मुंबईत? घर आणि शाळा.”

त्यावर ती आत जाऊन साडी बदलून आली होती.

पहिल्यांदा ते मुलुंडच्या बागेत गेले. तिथं ती फाटकातून आत शिरली ती न थांबता डावीकडे वळली आणि एका गुलमोहराखालच्या बाकावर जाऊन बसली. दत्ताराम पुढच्या बाकाशी उभा राहून हाका मारत होता, तर ती म्हणाली, “तिथं नको, चारनंतर ऊन येतं.” त्याला वाटलं, बायकांना कळतं असलं. घाटकोपरला भजी खाताना मालकाने तिला बघून मान हलवली होती; तेव्हाही त्याला काही वाटलं नाही. कित्येक माणसं उगीच मान हलवतात. आणि तो तर प्रत्येक ठिकाणी माहिती सांगण्यात गुंग होता. हे हॉटेल किती जुनं, इथली बाकडी कशी बदलली, सांबाराला इथं कसली चव आहे. ती ऐकून घेत होती. “हो का?” म्हणत होती.

आता डोसा खाता खाता त्याला ते सगळं ओळीने आठवत गेलं.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “चला, परत जरा बागेत बसू. आम्ही आधी बाग, मग खाणं, मग परत बाग, असं करायचो.”

हॉटेलाजवळच्या डायमंड गार्डनमध्ये संध्याकाळची माणसं जमायला लागली होती. म्हाताऱ्या बायकांचा एक घोळका टाळ्या वाजवत व्यायाम करत होता. दोघं कडेच्या बाकावर बसले.

“मला कधी बोलली नाहीस तू,” दत्ताराम म्हणाला.

“काय बोलायचं? शाळा शनिवारी अर्धा दिवस. तुमची शनिवारी डबल ड्यूटी. निलेश क्लासला. घरात बसून काय करणार? एथेलला डॉक्टरांनी सांगितलं, चाला, शुगर वाढलीय. ती म्हणाली, रत्ना, मी एकटी नाय चालणार, तू पण चल.” रत्नप्रभा हसली. “आधी बोरिवलीतच चालायचो. मग ती म्हणाली, तीच तीच झाडं काय बघायची, जरा लांब जाऊ. मग लांब गेलो की भूक लागायची. मग हॉटेल. ती चालून आल्यावर जिलबी खायची बघा. मी म्हणायची, अगं मग चाललो कशाला? तर म्हणायची, जिलबीसाठी.”

दत्तारामने बायकोला असं हसताना अलीकडे पाहिलं नव्हतं. अलीकडे म्हणजे कधीपासून, हे त्याला सांगता आलं नसतं.

“काय करायच्या त्या शाळेत?”

“शिवण शिकवायची. गोराईची. रोज बोटीने यायची. नवरा लवकर गेला तिचा, एक मुलगा, मर्विन. आंब्याच्या दिवसांत मला बाटलीभर लोणचं द्यायची. तुम्ही खाल्लंय ते. चांगलं आहे म्हणाला होतात.”

“मला वाटलं, तू केलंस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

ती हे रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती व्यायाम करणाऱ्या बायकांकडे बघत होती.

“आता का येत नाहीत त्या?”

रत्नप्रभेने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“गेली ना ती. गेल्या मे महिन्यात. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

आणि दत्तारामला आठवलं. सकाळची वेळ होती. तो कामाला निघाला होता, चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून दुसरी जोडी शोधत होता. रत्नप्रभा मोबाईल हातात घेऊन ओट्याशी उभी होती. “एथेल गेली,” ती म्हणाली होती. “कुठे गेली?” त्याने पलंगाखाली वाकून विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं. मग चप्पल सापडली आणि तो जिना उतरून गेला होता. त्या दिवशी ती एकटी गोराईला जाऊन आली असणार. रात्री त्याला तिने जेवायला वाढलं होतं. काय वाढलं होतं, तेही त्याला आठवत नव्हतं.

“रत्ना,” तो म्हणाला.

“चला,” ती उठली. “उशीर झाला की बस भरते.”

पुढचा शनिवार त्याने काही ठरवलं नाही. त्यानंतरचाही नाही. आपण हिला काय दाखवणार, असं त्याला झालं होतं. रत्नप्रभेने विचारलंही नाही. तो गॅलरीत बसून राहायचा आणि एकच गोष्ट त्याच्या मनात घोळत राहायची. ती गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

निलेश चौथीत असताना स्कॉलरशिपला पास झाला. तो रविवार होता. ‘सागर किरण’मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर सांबार सांडलं म्हणून त्याने दत्तारामला सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि दत्ताराम मान खाली घालून फरशी पुसत होता. मान वर केली तर दारात रत्नप्रभा. अंगावर लग्नातली मोरपंखी साडी, हाताला धरलेला निलेश. दोघं हसत होते. पोराने वडिलांना फरशी पुसताना पाहिलं होतं. दत्ताराम तरातरा दाराशी गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “इथं कशाला आलीस? घरच्या माणसांना आत बसवत नाहीत. जा, समोर बागेत बसा. मी पाठवतो काहीतरी.”

असा नियम नव्हता. इतर वेटरांची बायकापोरं यायची, मालक स्वतः पोरांना बडीशेप द्यायचा. आणि दत्तारामने काही पाठवलंही नाही. गर्दीत तो विसरून गेला. घरी आला तेव्हा निलेश झोपला होता. “किती वेळ बसलात?” त्याने विचारलं होतं. “दिवे लागेपर्यंत,” रत्नप्रभा म्हणाली होती. “मग भेळ खाल्ली आणि आलो.” त्यानंतर तिने त्याच्यापाशी हॉटेलचं नाव कधी काढलं नाही.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी तो तिला म्हणाला, “आज अंधेरीला जाऊ. आमच्या हॉटेलात. आत बसू, टेबलावर.”

रत्नप्रभा कपडे घडी करत होती. हातातला टॉवेल तिने पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला.

“आज?”

“मला तुला न्यायचंय.”

“बरं,” ती म्हणाली.

‘सागर किरण’च्या दारात अंबादास उभा होता. तो आणि दत्ताराम एकाच वर्षी कामाला लागले होते. आता दत्तारामचं पेन त्याच्या खिशाला आलं होतं. जुन्या मित्राला बघून त्याने मिठी मारली. “अरे दत्ता! साल्या, चेहरा दाखवत नाहीस! या या वहिनी. तुमचं ते खिडकीजवळचं टेबल रिकामंच आहे बघा.”

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली.

“कसलं टेबल?” दत्तारामने विचारलं.

अंबादासने रत्नप्रभेकडे बघितलं. ती म्हणाली, “सांगा आता. काय हरकत आहे?”

“अरे, ते जुनं झालं यार. वहिनी आलेल्या एकदा. सोबत एक फ्रॉकवाल्या बाई होत्या. मंगळवार होता, तुझी सुट्टी. मला विचारलं, परबांची टेबलं कुठली? म्हटलं, खिडकीजवळची चार. तर म्हणाल्या, त्यातल्याच एकावर बसवा. आणि मला शपथ घातली, त्यांना सांगायचं नाही.” अंबादासला आता सांगायला मजा वाटू लागली होती. “मी पाणी ठेवत होतो ना, तर त्या बाईंना सांगत होत्या, हे माझ्या मिस्टरांचं टेबल. सगळी मोठमोठी माणसं इथंच बसायला मागतात. ते असले की गिऱ्हाईक रांगेत थांबतं, पण दुसऱ्या टेबलावर नाही बसत. मी आत जाऊन हसलो रे. म्हटलं, दत्ता कधी एवढा मोठा झाला!”

तो स्वतःच मोठ्याने हसला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेला.

ती दोघं खिडकीजवळ बसली. बाहेर रस्त्यापलीकडे ती बाग होती. तिचं फाटक नवीन झालं होतं, रंगीत घसरगुंड्या आल्या होत्या. दत्ताराम तिकडे बघायचं टाळत होता, पण खुर्चीच तशी होती.

“असं सांगितलंस तू त्यांना?”

“मग काय सांगणार? खरंच तर होतं. तुम्ही घरी येऊन सांगायचात ना, अमका डॉक्टर माझ्याच टेबलावर बसतो.” रत्नप्रभा टेबलाच्या काचेवरून हात फिरवत होती. “मला बघायचं होतं, तुम्ही दिवसभर कुठे असता ते. शाळेला अचानक सुट्टी मिळाली. तुम्ही घरी झोपला होता. म्हटलं, तुम्ही असताना गेलं तर तुम्हाला अवघडल्यासारखं होतं.”

“त्या रविवारी मी…”

“आठवतंय मला.”

“निलेश लहान होता.”

“त्यालाही आठवतंय,” ती म्हणाली.

दत्तारामने हात टेबलाखाली घेतले. अंबादासने स्वतः आणून इडली, वडा, उपमा असं न मागता बरंच काही मांडलं. रत्नप्रभेने ते खाल्लं, अन्न टाकायचं नाही म्हणून त्याच्याही ताटलीतलं खाल्लं. तो फक्त चहा प्यायला. निघताना अंबादासने बडीशेपेची वाटी पुढे केली, तिने चिमूटभर घेतली आणि म्हणाली, “येते हां भावोजी.” दत्ताराम तिच्याआधीच बाहेर जाऊन उभा राहिला होता.

मे महिन्यात एथेलला जाऊन वर्ष झालं. मर्विनचा फोन आला. मम्मीच्या नावाने चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना आहे, आंटी तुम्ही या. सकाळी रत्नप्रभेने अंघोळ करून सुती साडी नेसली. पिशवीत मेणबत्त्यांचं पाकीट आणि फुलांची पुडी ठेवली. दत्ताराम केव्हाचा कपडे करून पलंगावर बसला होता.

“मी येऊ?” त्याने विचारलं.

ती केसांत पीन खोचत होती. आरशातूनच तिने त्याला पाहिलं.

“जेट्टीपर्यंत या.”

“पुढे नको?”

“तुम्ही तिला ओळखत नव्हता ना,” ती म्हणाली. शब्द कठोर नव्हते. तिने ते नुसतं सांगितलं. “तिथं मी रडले तर मला तुमच्याकडे बघावं लागेल.”

गोराई जेट्टीवर ऊन चढलं होतं. खाडीला ओहोटी होती आणि तिवरांखालचा चिखल उघडा पडला होता. बोटीत मोटारसायकली चढवत होते. पलीकडून मासे विकायला आलेल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघाल्या होत्या. दत्तारामने पिशवी तिच्या हातात दिली.

“परत कधी येशील?”

“सांगता येत नाही. तिच्या घरीही जाईन. तुम्ही घरी जा, ऊन आहे.”

ती फळीवरून बोटीत गेली आणि कडेच्या बाकावर, पलीकडच्या किनाऱ्याकडे तोंड करून बसली. एका टोपलीवाल्या बाईने सरकून तिला जागा दिली. तिने काहीतरी विचारलं असावं, कारण रत्नप्रभा बोलू लागली. हात वर करून पलीकडचं काही दाखवत ती बोलत राहिली. बोट सुटली. इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज दत्तारामला तसाही ऐकू आला नसता.

तो घरी गेला नाही. तिकीट खिडकीच्या पत्र्याच्या सावलीत एक सिमेंटचा कठडा होता, त्यावर बसला. बोटी येत होत्या, जात होत्या. लिंबू सरबतवाल्याने दोनदा विचारलं, त्याने नको म्हटलं. एथेल दिसायला कशी होती, याचा तो विचार करत राहिला. उंच की बुटकी, चष्मा होता की नव्हता. फ्रॉक घालायची एवढंच त्याला ठाऊक होतं. तिने दिलेल्या लोणच्याची चव आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला.

ऊन कललं. खाडीत पाणी भरू लागलं. एका बोटीतून रत्नप्रभा येताना दिसली, तसा तो गुडघ्यावर हात देऊन उठला आणि उतरायच्या पायऱ्यांशी गेला. शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. त्याने तिच्यासाठी हात पुढे केला. पण तोवर ती साडीचा घोळ एका हाताने उचलून, कडेकडेने पाय टाकत वर आलीही होती. तिचे डोळे सुजले होते.

“अजून इथंच?” तिने विचारलं.

“हो.”

“जेवलात?”

“नाही.”

तिने त्याच्याकडे बघितलं. उन्हाने त्याचं तोंड काळवंडलं होतं, सदऱ्याला घामाचे पांढरे डाग पडले होते.

“चला मग,” ती म्हणाली. “स्टेशनच्या अलीकडे एक खानावळ आहे. या वेळेलाही गरम वाढतात.”

“बरं,” दत्ताराम म्हणाला. थोडं थांबून त्याने विचारलं, “तिथं काय चांगलं असतं?”

रत्नप्रभा पुढे निघाली होती. रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत, मागे न बघता, तिच्या नेहमीच्या चालीने. दत्ताराम दुखरे गुडघे सांभाळत तिच्या मागून चालू लागला.